फाटक लावलं का?

वन्सं, तुमच्या फाटकात ट्रॉली अडकली.

तुम्ही गेल्याला पुरता महिनाही झाला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तेराव्याला आलेल्या सगळ्यांसमोर मी गोडच बोलले. माझ्या नणंदेसारखी दुसरी नणंद नाही म्हणाले. ते खरंच आहे, तुमच्यासारख्या दोघी असत्या तर मी कधीच माहेरची वाट धरली असती. पण आता पाहुणे गेले, तुमचा भाचा प्रशांत पुण्याला गेला, मळ्यातल्या घरात मी आणि तुमचा भाऊ दोघंच उरलो. आता खरं बोलायला हरकत नाही.

तर अडकली. उसानं गच्च भरलेली ट्रॉली, तोंड रस्त्याकडं, आणि उजव्या अंगाचा सगळा ऊस तुमच्या खांबाला टेकलेला. ना पुढं ना मागं. आणि मला पहिलं काय आठवलं असेल तर तुमचं ते वाक्य.

श्रावणात तुम्ही मापं घेत होता. सुतारमामा दोरी धरून उभे, तुमचा भाऊ ट्रॉलीच्या चाकापाशी वाकलेला, आणि तुम्ही पदर खोचून मध्ये, ऑपरेशनला उभं राहिल्यासारख्या. मी चहा घेऊन आले. बघते तर ट्रॉली रिकामी. मी म्हटलं, "वन्सं, रिकामीच मोजताय व्हय? ऊस भरल्यावर दोन्ही बाजूनं बाहेर येतो की." तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "ट्रॉली ती ट्रॉली. भरली म्हणून काय फुगती का?"

सुतारमामा हसले. तुमचा भाऊ हसला. ज्या माणसाचा जन्म उसात गेला, ज्यानं कडेगावच्या रस्त्यावर लोंबत्या उसाला धडकून स्वतःच्या मोटरसायकलचा आरसा फोडून घेतला, तो माणूस हसला. मी कप ठेवला आणि आत गेले. तुम्ही एकदा दोरी धरली की त्या मापात बदल करायची कुणाची छाती होती?

फुगती, वन्सं. ट्रॉली फुगती. हे मला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं आणि ऐकायला तुम्ही नाही, याचा मला किती राग आलाय ते तुम्हाला कसं कळणार.

मुळात हे लाकडी फाटकाचं खूळ तुम्ही महाबळेश्वरहून आणलंत. भाऊजी लवकर गेले, मूलबाळ नाही, सगळी नोकरी तिथल्या सरकारी दवाखान्यात काढलीत. रिटायर झाल्यावर इथं भावाकडं आलात, एक ट्रंक, एक बीपीचं मशीन आणि हे फाटक डोक्यात घेऊन. तुमच्या क्वार्टरला म्हणे लाकडी फाटक होतं. पावसानं काळं पडलेलं, शेवाळलेलं. ड्यूटीवरून आलात की ते लावून घ्यायचात. एकदा भाजी निवडताना मला म्हणाला होतात, "ते लावलं ना सुमन, की मग मी शिष्टर नसायची. मग मी नुसती इंदू." मी विचारलं, आणि इथं? तुम्ही म्हणालात, "इथं बघू."

इथं काय, इथं आल्या दिवसापासून सगळी वस्ती तुम्हाला शिष्टरबाईच म्हणायला लागली. कुणाचं बीपी, कुणाची साखर, कुणाच्या पायात काटा. आमच्या वाटेला तेव्हा नुसते दोन आडवे बांबू होते. संध्याकाळी गुरं येऊ नयेत म्हणून सरकवायचे, सकाळी काढायचे. लग्न होऊन आल्यापासून आम्ही त्यालाच फाटक म्हणत होतो आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. तुमचा भाऊ म्हणाला, "ताई, लोखंडाचं करू. फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत आणून उभं करतोय." तुम्ही म्हणालात, "लोखंडाचं दुकानाला लावतात. घराला लाकडाचं." विषय संपला.

मग बांधावरची बाभळ रस्त्याच्या कामात पडली आणि तुम्हाला संधी मिळाली. वखारीतून फळ्या कापून आणल्यात आणि ओलं लाकूड वाकतं म्हणून पत्र्याखाली वाळत घातल्या. किती दिवस? मी मोजायचं सोडून दिलं होतं. गोठ्याची अर्धी जागा त्या फळ्यांनी खाल्ली. माझी वैरण बाहेर भिजायची आणि तुमच्या फळ्या आत कोरड्या. कुणी फळीवर नुसतं बसलं तरी तुम्ही ओरडायच्या. पोरगी वयात आल्यासारखं त्या फळ्यांवर लक्ष होतं तुमचं.

आणि ती फोनची गोष्ट. ते भांडण आपलं अजून मिटलेलं नाही, हे लक्षात असू द्या.

तुम्ही आठ दिवस महाबळेश्वरला मैत्रिणीकडं गेला होता. जाताना सुतारमामांना बजावून गेलात, मी येईपर्यंत फाटक उभं पाहिजे. मामांच्या घरी लग्न निघालं, ते फिरकलेच नाहीत. एका संध्याकाळी तुमचा फोन आला. माझे हात पिठात, चुलीवर तवा. तुम्ही विचारलंत, "सुमन, फाटक लावलं का?" मी म्हटलं, "लावलं की, मघाशीच."

आता सांगा, संध्याकाळी कुणी विचारलं फाटक लावलं का, तर बाईमाणूस काय समजेल? मी बांबू सरकवले होते. लावलं म्हणजे बंद केलं. तुम्हाला वाटलं, लावलं म्हणजे बसवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीतून उतरलात त्या नारळ, हळदीकुंकू, उदबत्ती आणि स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन. स्टँडवर भेटेल त्याला सांगत आलात, आमचं फाटक लागलं, बघायला या. मागं सात-आठ माणसं. आणि वाटेवर बघता तर आपले तेच दोन बांबू.

"हे लावलंस?"

"व्हय. हेच रोज लावते."

"अगं, फाटकच नव्हतं तर तू लावलंस काय?"

"आणि फाटक नव्हतं तर तुम्ही विचारलं काय?"

त्यावर तुम्ही तो नारळ तिथंच बांबूपुढं फोडलात, रागानं. आलेल्यांना खोबरं वाटलं, स्ट्रॉबेऱ्या वाटल्या. मला एकसुद्धा दिली नाही. पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलायचं झालं तर मध्ये तुमच्या भावाला घालत होतात. "बाळू, तुझ्या बायकोला सांग, मीठ जास्त झालंय." पासष्टीच्या म्हाताऱ्याला बाळू म्हणणारं दुसरं कोण होतं? आता कुणीच नाही.

मी अजून म्हणते, माझी चूक नव्हती. लावलं या शब्दाचं आम्ही काय करावं? दार लावतो म्हणजे बंद करतो आणि ऊस लावतो म्हणजे लागण करतो. तुम्हाला बसवलं का विचारायचं होतं तर बसवलं का विचारायचं. तुम्ही मरेपर्यंत म्हणत राहिलात, सुमनला सरळ मराठी कळत नाही.

मामांचे वायदे होत होत शेवटी यंदा दिवाळीच्या तोंडावर ते बसलं. एकच पाखं, सगळं मिळून एक दार, कारण दोन पाखांचं म्हणे दवाखान्यासारखं दिसतं. बाभळीचं ते धूड उचलायला चार माणसं लागली. पुढच्या टोकाला खाली चाक बसवावं लागलं, नाहीतर जमिनीवर घासत होतं. तुमचा भाऊ म्हणाला, खांबांना सिमेंट करू. तुम्ही ठाम नाही. "सिमेंटात लाकूड कुजतं. दगड आणि मुरूम ठासा." ठासले. वरून तेलाचा हात दिला. नारळ फोडला, या वेळी देवाच्या नावानं. मला स्ट्रॉबेरी नाही, पण पेढा दिला. मी म्हटलं, चला, एक पीडा संपली. आता संध्याकाळी हे लावायचं आणि सुखानं झोपायचं.

पहिल्याच संध्याकाळी मी लावायला गेले तर तुम्ही व्हरांड्यातून हाक मारलीत. "लावू नकोस गं."

"म्हणजे?"

"हौसाबाई यायची असती बीपी बघायला. तिला ढकलत न्हाई ते."

वन्सं, त्या क्षणी मी काय बोलले नाही ते आता बोलते. एवढी वर्षं फाटक लावा, फाटक लावा म्हणून आमचं डोकं खाल्लंत. आणि लावल्यावर म्हणता लावू नका. वस्तीवरची ती म्हातारी हौसाबाई एकदा फाटक लावलेलं बघून परत गेली, तर तुम्ही मशीन घेऊन तिच्यामागं तिच्या घरापर्यंत चालत गेलात, दम लागेस्तोवर. त्यानंतर नियमच झाला. फाटक लावायचं नाही. दगड लावून उघडं ठेवायचं. माझी मेथी गाईंनी खाल्ली, कुत्री व्हरांड्यात येऊन झोपायला लागली. मी म्हटलं, मग बांबू काय वाईट होते? तुम्ही म्हणालात, "फाटक असणं येगळं आणि लावणं येगळं." आणि पुन्हा माझ्याकडं असं बघितलंत, की हिला मराठी कळत नाही.

आणि तरी रोज दिवेलागणीला कॉटवरून विचारायच्या, "सुमन, फाटक लावलं का?" मी म्हणायची, न्हाई. मग तुम्ही म्हणायच्या, "बरं." एवढं ऐकायला विचारत होतात का? मला तेव्हा नुसता वैताग यायचा. आता दिवेलागणीला कान तिकडंच लागतात.

गेलात त्या दिवशीही मला धड रडू दिलं नाहीत. सकाळी चहा मागितलात, मी करून आणेपर्यंत तुम्ही गेला होता. चहा तसाच. एवढ्या लोकांच्या नाड्या बघितल्या आणि स्वतःचं कुणाला कळू दिलं नाहीत. दुपारी तुम्हाला न्यायला निघाले तर कुणाच्या तरी पायानं दगड सरकला आणि ते फाटक आपोआप मिटायला लागलं. त्याला तो वाकडेपणा आहेच, सोडलं की परत येतं. पुढं मडकं धरलेला तुमचा भाऊ, मागं खांदेकरी, आणि फाटक हळूहळू त्यांच्या अंगावर. मी पळत गेले आणि पाठ लावून धरलं. बायकांनी तिथंच थांबायचं असतं, तर मी तिथंच थांबले, फाटकाला पाठ लावून. तुम्ही माझ्या अगदी जवळून गेलात. तिरडी सुटसुटीत बाहेर गेली, दोन्ही बाजूंनी भरपूर जागा राखून. तुमचं माप त्या दिवशी बरोबर आलं.

पण खरी गंमत दहाव्याला केलीत. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तारेवर बसलाय, खाली बघतोय, येत नाही. ऊन चढलं. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मी म्हटलं, वन्सं, मशीन मी जपून ठेवीन. कावळा ढिम्म. प्रशांत म्हणाला, आत्या, सुट्टीला येत जाईन. ढिम्म. हौसाबाई म्हणाली, शिष्टर, गोळी येळेवर खाईन. त्यानं मान फिरवली. मग तुमचा भाऊ पुढं झाला. तुम्ही गेल्यापासून तो माणूस रडला नव्हता, धड बोललाही नव्हता. हात जोडून म्हणाला, "ताई, तुझं फाटक मी काढणार न्हाई. माझा शब्द."

कावळा खाली आला आणि शिवला.

सगळ्यांनी डोळे पुसले. मीही पुसले. कुणाला ठाऊक होतं, चार दिवसांनी हा शब्द माझ्या मुळावर येणार ते.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी उसाची तोड आली. टोळी बीडकडची, कोयते घेऊन पहाटेच फडात. ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन आत आला तो लोण्यातून सुरी जावी तसा. मला वाटलं, तुम्ही वरून म्हणत असाल, बघ. दुपारपर्यंत ट्रॉली भरली, ऊस दोन्ही अंगांनी हातहातभर बाहेर, आणि मग झालं ते तुम्हाला सांगितलंच आहे.

मुकादम उतरून आला. दोनदा इकडून बघितलं, दोनदा तिकडून. "काकू, फाटक बिजागरीतून उचलून बाजूला ठिवा, खांब बी हलवा. त्याशिवाय काय मेळ लागत न्हाई."

तुमचा भाऊ ट्रॅक्टरपुढं जाऊन दगडावर बसला. "फाटक काढायचं न्हाई."

"आवं मग निम्मा ऊस उतरवू का?"

"उतरवा."

"उतरवायचा तर आमी दुसऱ्याच्या फडात जातो. मग परत कवा येणं व्हईल ते सांगता येत न्हाई."

निम्मा ऊस अजून उभा. तोडलेला वाळतोय. ड्रायव्हर पानाची पिचकारी टाकत उभा. आणि तुमचा भाऊ दगडावर, लहान पोर हट्टाला बसतं तसा. मी जवळ जाऊन समजावलं, ट्रॉली गेली की तासाभरात परत चढवू. तो म्हणाला, "शब्द दिलाय तिला. कावळा शिवलाय." मी म्हटलं, वर्षाचं पीक जाईल. म्हणाला, "जाऊ दे." ऊस गेला असता तर वर्ष वाया गेलं असतं. पण शब्द मोडून ते फाटक उतरवलं असतं तर हा माणूस तुम्हाला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखा झाला असता. आणि त्या दोन्हींच्या मध्ये मी, नेहमीसारखी.

तेव्हा वन्सं, मला तुमचीच आठवण झाली. एका शब्दावरून माझ्याशी इतकी वर्षं भांडलात ना, ते उपयोगी पडलं.

मी म्हटलं, "कावळ्याला तुम्ही काय म्हणाला होता?"

"फाटक काढणार न्हाई."

"खांबाचं काय बोलला होता का?"

त्यानं वर बघितलं. "न्हाई."

"मग खांब काढा. फाटक तिकडच्या खांबाला हाय तसं टांगलेलं राहू दे."

मुकादम हसायला लागला. तुमचा भाऊ उठला, गोठ्यातून पहार आणली आणि स्वतःच्या हातानं खांबाच्या बुडाला घातली. सिमेंट असतं तर ब्रेकर आणावा लागला असता. दगड आणि मुरूम होता, म्हणून चार जणांनी हलवून हलवून उपटला. एवढ्या एका गोष्टीत तुमचं बरोबर होतं. हे मी एकदाच म्हणणार आहे.

ट्रॉली निघाली. फाटक परत मिटू नये म्हणून तुमच्या भावानं ते छातीशी धरून ठेवलं होतं. ऊस त्याच्या डोक्यावरून घासत गेला, पाचट अंगावर पडलं. ट्रॉली रस्त्याला लागली, आवाज लांब गेला, तरी तो फाटक सोडेना. जवळ गेले तर फळीला कपाळ टेकून रडत होता. "ताई, ताई" म्हणून. पहिल्यांदा रडला, वन्सं. मी त्याला रडू दिलं. मग मीही तिथंच रडले. टोळीच्या बायका कोयते खाली ठेवून उभ्या राहिल्या.

परवा सुतारमामा खांब परत रोवायला आले. जुन्या खड्ड्यात रोवता येत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी हीच तऱ्हा. हातभर लांब रोवला. त्यामुळं आता फाटक पुरं ओढलं तरी खांबापर्यंत पोचत नाही. मध्ये माणूस जाईल एवढी फट राहते. मामा म्हणाले, "वैनी, बाभळीची फळी शिल्लक हाय. तेवढा तुकडा जोडून देतो, मग नीट लागंल."

प्रशांतचा फोन आला होता. म्हणतो, ते लाकडी धूड कशाला, लोखंडाचं सरकतं गेट बसवू. मी त्याला म्हटलं, लोखंडाचं दुकानाला लावतात. बोलल्यावर माझं मलाच कळलं, मी कुणाचं वाक्य बोलले ते.

मामा फळी हातात घेऊन उभेच होते. तेवढ्यात हौसाबाई आली. काठी आधी आत घातली, मग एक खांदा, मग बाकीची. फाटकाला हातसुद्धा लावावा लागला नाही. व्हरांड्यात येऊन तुमच्या जागेशेजारी बसली. मला मशीनमधले आकडे कळत नाहीत, तरी मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. ती म्हणाली, बरं हाय का गं? मी म्हटलं, बरं हाय. चहा दिला.

मामांना सांगितलं, फळी गोठ्यात परत ठेवा. ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, शिष्टरबाईंचं वारं लागलं. गाई येतील, कुत्री येतील, माझी मेथी परत जाईल, आणि मी परत तुमच्या नावानं शंख करीन.

काल दिवेलागणीला तुमचा भाऊ तुमच्या कॉटवर जाऊन बसला. तिथूनच, तुमच्याच सुरात विचारलं, "सुमन, फाटक लावलं का?"

लावलंय, वन्सं. पण आता ते कुणालाच लावता येत नाही.